साहेब आज जेवले का?

टिंग.

चमचा पडला. मुंगीच्या हातून निसटून फरशीवर आपटला आणि तेवढ्यावर न थांबता गोल गोल फिरत, सगळ्या जगाला ऐकवत सोफ्याखाली गेला. त्याआधीची नऊ मिनिटं आमच्या घरात कुणी धड श्वाससुद्धा घेतला नव्हता. टाकीचा पंप बंद, पंखा बंद, फोन उशीखाली. टाकीच्या तळाशी एक छोटी काचेची बरणी, बरणीत चिमूटभर खाणं, आणि बरणीच्या तोंडापासून एका बोटावर साहेब. एका बोटावर! चमचा पडला आणि साहेब आल्या वाटेनं खडकाखाली चालते झाले.

"आई," मुंगी म्हणाली, "साहेब जेवले नाहीत. म्हणजे मी पण नाही."

तिनं ताटली पुढे सरकवली. ताटलीत अर्धं उकडलेलं अंडं, सहा मटार आणि लोणी लावलेल्या पावाचा एक तुकडा, सगळं जसंच्या तसं. मी वही मागच्या बाजूनं उघडली आणि लिहिलं, 'सकाळ. काही नाही. चमचा पडला.' मग वही उलटी करून पुढच्या बाजूनं उघडली आणि तिथेही लिहिलं, 'सकाळ. काही नाही. चमचा पडला.'

मग उभ्या उभ्या तो पावाचा तुकडा तोंडात टाकला, कारण टाकून द्यायला जीव होत नव्हता, आणि शाळेची बॅग शोधायला लागले.

हे सगळं नीट सांगायला मला एकेचाळीस मिनिटं आहेत. वॉशिंग मशीनची एक फेरी तेवढीच असते, आणि मशीन थांबलं की मी लेखिका राहत नाही.

तर साहेब म्हणजे मासा. मँडरिन जातीचा, माझ्या करंगळीएवढा. अंगावर गडद निळ्यावर नारिंगी वेलबुट्टी, कुणीतरी उरलेल्या भारी पडद्यातून कोट शिवून दिल्यासारखी. तो पोहत नाही, पाहणी करतो. चार पावलं जातो, थांबतो, एका दगडाकडे बघतो, दगड पसंत पडत नाही, पुढे जातो. नवऱ्यानं पहिल्याच दिवशी त्याला 'साहेब' म्हणायला सुरुवात केली, कारण त्याच्या ऑफिसातले साहेबही असेच फिरतात म्हणे.

टाकी नवऱ्याची. खारं पाणी, खडक, त्यावर मंद डोलणारे प्रवाळ, दोन नारिंगी-पांढरे जोकर मासे, आणि एक पिवळा, निमुळता, पट्ट्यापट्ट्यांचा प्राणी, ज्याला आम्ही भामटा म्हणतो. त्यात साहेब आले ते दुकानदाराच्या शिफारशीवरून.

"हा समुद्रातून पकडलेला नाही, वहिनी," दुकानदार म्हणाला होता. "टाकीतच जन्मलाय, टाकीतच वाढलाय. समुद्रातला असता तर जिवंत बारीक किड्यांशिवाय कशाला तोंड लावलं नसतं. हा गोठवलेलं खातो. शिकलेला आहे."

शिकलेला म्हटल्यावर नवरा विरघळला. आमच्या घरात शिक्षणाला फार मान आहे.

शिकलेला मासा आमच्याकडे आल्यावर तिसऱ्या दिवशी सगळं शिक्षण विसरला. दुकानात तो रिकाम्या काचेच्या पेटीत एकटा होता. वरून कण पडायचे, तो सावकाश एकेक टिपायचा. आमच्याकडे कण पडला की साहेब आधी त्याच्यासमोर उभे राहणार, डावीकडून बघणार, उजवीकडून बघणार, त्यावर विचार करणार. विचार पूर्ण होईपर्यंत भामटा तो कण, त्याच्या शेजारचा कण आणि अजून न पडलेला कण खाऊन मोकळा. आठवडाभरात साहेबांचं पोट पंखांच्या मागे आत जायला लागलं. 'पोट खपाटीला गेलं की फार दिवस नसतात,' असं नवऱ्यानं कुठेतरी वाचलं आणि ते मुंगीसमोर मोठ्यानं बोलला.

त्याच आठवड्यात शाळेचं पत्र आलं.

'आपल्या पाल्याचे वजन वयोमानानुसार अपेक्षित रेषेच्या खाली आढळले आहे.' आढळले! जणू काही पलंगाखाली सापडलं. 'तरी सलग चौदा दिवसांची आहार-नोंद दोन्ही पालकांच्या सहीनिशी सादर करावी. अन्यथा पुढील कार्यवाही करण्यात येईल.' खाली शाळेच्या वजनवाल्या बाईंची सही. या बाई महिन्यातून एकदा काटा घेऊन येतात आणि मुलांना त्यावर उभं करतात, हे मला माहीत होतं. त्यांच्या काट्यावर आयाही उभ्या असतात, हे नव्हतं माहीत. पुढील कार्यवाही म्हणजे काय हे पत्रात कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे मी भांडी घासताना, केस विंचरताना आणि सिग्नलला थांबले असताना फक्त त्याचाच विचार करत होते. मी बऱ्यापैकी आई आहे असं माझं आजवर ठाम मत होतं. त्या पत्रानंतर नुसतं मत उरलं, ठाम गेलं.

मुंगी पाच वर्षांची आहे. मुंगी हे नाव तिच्या जेवण्यावरूनच पडलं, एक शीत घेऊन ती इतकी लांब जाते. त्या संध्याकाळी ती टाकीच्या काचेला नाक लावून बसली होती.

"साहेब मरणार?"

"नाही गं. खायला लागले की बरे होतील."

"मग ते एक घास खातील तेव्हा मी एक घास खाणार. नाहीतर त्यांना एकटं वाटेल."

मी 'हो' म्हटलं. आयुष्यात मी काही चुकीचे 'हो' म्हटले आहेत, त्यांत हा फार वरचा. मला वाटलं, शिकलेला मासा आहे, दोन दिवसांत खाईल आणि त्याच्या नादानं पोरगीही खाईल. पण पाच वर्षांच्या माणसानं केलेला करार कुठल्याही वकिलाला मोडता येत नाही. साहेब उपाशी तर मुंगी उपाशी. आणि चौदा दिवस मोजायला सुरुवात झालेली.

वही आणली. पुढच्या बाजूनं मुंगी, मागच्या बाजूनं साहेब. दोन वह्या का नाही आणल्या, असं नवऱ्यानं नंतर विचारलं. नंतर सगळ्यांना सगळं सुचतं.

समोरच्या काकूंना वाटलं, मी उगाच बाऊ करते आहे. "भूक लागली की खाईल बरं."

"कोण, काकू?"

"कोणी का असेना."

दुकानदाराला रोज फोन. त्यानंच बरणीची युक्ती सांगितली. छोटी बरणी, झाकणाला भोक, भोकात रुंद नळीचा तुकडा. खाणं आत टाकायचं, पंप बंद करायचा म्हणजे ते उडून जात नाही. साहेब तळाशी सरपटत फिरतात, ते आपोआप आत शिरतात. भामटा वरून घिरट्या घालतो, त्याला वाट कळत नाही. भामट्याला पहिल्या दिवशी वाट कळली. मग जेवणाच्या वेळी भामट्याला जाळीच्या डब्यात कोंडायचं, हे आलं. साहेब बरणीपाशी यायचे, आत डोकवायचे, आणि सभा तहकूब झाल्यासारखे परत जायचे.

"तर मग जिवंत द्या," दुकानदार म्हणाला. "एकदा चव लागली की हळूहळू गोठवलेल्यावर आणू. अंड्यांचा डबा देतो. मिठाचं पाणी, बाटली, हवेची नळी. एका दिवसात कोळंबीची पिल्लं. धुळीएवढी असतात."

असा माझ्या ओट्यावर पाळणाघराचा व्यवसाय सुरू झाला. प्लॅस्टिकच्या बाटलीत खारं पाणी, त्यात त्या अंड्यांची तपकिरी पूड, खालून बुडबुडे. बाटली ओट्यावर आणि हवेचा छोटा पंप खाली फरशीवर, कारण वर जागा नव्हती. वीज गेली की बुडबुडे थांबतात आणि पाणी त्याच नळीतून उलटं खाली येतं, हे दुकानदारानं सांगितलं नव्हतं आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मुंगीला शाळेतून आणायला गेले आणि वीज गेली.

परत आले तर दारात खालच्या मजल्यावरचे काका उभे. हातात काचेची वाटी, चेहऱ्यावर अख्खा भूतकाळ. काकांचं आयुष्य सरकारी दप्तरं तपासण्यात गेलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते बोलतात तेव्हा समोरच्याला आपण कागद दडवल्यासारखं वाटतं.

"तुमच्याकडून आमच्या स्वयंपाकघरात पाणी ठिबकतंय," काका म्हणाले. "ते एक वेळ चालवून घेईन. पण त्यात लोकसंख्या आहे."

त्यांनी वाटी पुढे केली. पाण्यात नारिंगी ठिपके उड्या मारत होते.

सुसंस्कृत बाईनं इथे माफी मागायची असते. मी म्हटलं, "काका! जिवंत आहेत?"

"चष्मा लावून पाहिलं मी. जिवंत आहेत."

मी वाटी त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलीच. वीज परत आली होती, पण मी टाकीचा पंप बंद केला, भामट्याला कोंडलं, मुंगीच्या जुन्या औषधाच्या पिचकारीत ते पाणी ओढलं आणि साहेबांच्या तोंडासमोर हळूच सोडलं. साहेब थांबले. डावीकडून पाहिलं. उजवीकडून पाहिलं. ठिपका हलला. आणि टुक! साहेबांनी तो टिपला.

"एक," मुंगी म्हणाली आणि तिनं मटार तोंडात टाकला.

टुक. "दोन." टुक, टुक. "थांबा ना साहेब, मला चावू दे!"

काका बूट न काढता फरशीवर बसले होते. बावीस झाले तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "याची नोंद कुठे ठेवता?"

मी वही दिली. त्यांनी ती मागून उघडली.

"काका, पुढून उघडायची असते."

"चौतीस वर्षं दप्तरं पाहिली मी. पहिल्या पानावर सगळेच नीट अक्षर काढतात. खरं काय ते मागून कळतं." त्यांनी पानं चाळली. "बरं आहे. तारीख आहे, वेळ आहे, खाडाखोड नाही. छान."

त्या दिवसापासून काका रोज पाच वाजता हजर. साहेब चवीला लागले, मुंगी मटारवरून बटाट्यावर आली आणि तेराव्या दिवशी मी तिला आंघोळ घालत असताना काका बाहेरून ओरडले, "उद्या शाळेत नोंद द्यायची ना? मूळ वही कधी कुणाच्या हातात द्यायची नाही. प्रत द्यायची, साक्षांकित. मी करून आणतो, मीच नेऊन देतो!"

माझ्या डोळ्यांत साबण गेला होता. मी म्हटलं, "न्या काका, बरं होईल." नवऱ्यानं प्रतींवर सह्या केल्या. न वाचता. तो ऑफिसातही असाच सह्या करतो का, हे मी अजून विचारलेलं नाही. माझी सही त्यानं लिफ्टपाशी घेतली, माझ्या एका हातात टॉवेल आणि दुसऱ्यात मुंगी असताना. मीही नाही वाचलं, हे इथे लिहून टाकते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून फोन. वजनवाल्या बाईंचा आवाज असा होता, जसा पोहता न येणाऱ्यांना पाण्याची खोली सांगताना असतो.

"आम्ही उद्या चार वाजता घरी येतोय. आई-वडील दोघंही हवेत. आणि ते... भामटा म्हणून जे कोणी आहेत, तेही."

एका क्षणात मला कळलं, काकांनी वहीची कुठली बाजू नेऊन दिली ते. मी वही उघडली, मागून, आणि बाईंच्या डोळ्यांनी वाचली.

'सोमवार. काही नाही. दिवा घालवून पाहिला, कोपऱ्यात जाऊन बसलं.'

'मंगळवार. दोन कण. दोन्ही थुंकले.'

'बुधवार. भामट्यानं सगळं पळवलं. भामट्याला डब्यात कोंडलं.'

'गुरुवार. बरणीत जेवण. आत शिरायला तयार नाही. पोट खपाटीला. उद्या जिवंत देऊन बघू.'

'शनिवार. खालच्या काकांनी वाटीतून किडे आणले. बावीस खाल्ले! सगळ्यांना खूप आनंद.'

आणि शाळेत गेलेल्या प्रतीवर प्रत्येक पानाखाली निळ्या शाईत काकांचं साक्षांकन, 'शनिवारपासूनचे सर्व माझ्या समक्ष घडले आहे.'

काकांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीवर बसले आणि उठेचनात. "चौतीस वर्षांत..." एवढंच म्हणायचे. माझी त्यांच्यावर चिडायची फार इच्छा होती. पण ते मुंगीसाठी रोज पाच वाजता जिने चढत होते, त्यामुळे ती इच्छा मला खाली ठेवून द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं सुट्टी घेतली आणि घर आवरलं. तो घर आवरतो तेव्हा मला आनंद व्हायला हवा. सव्वातीनला मी ओट्याकडे पाहिलं. बाटली धुऊन, पुसून, उलटी वाळत घातलेली.

"यातलं पाणी?"

"गढूळ झालं होतं ना? ओतून टाकलं." मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "त्यात... ते होते?"

ते होते. आता फक्त गोठवलेलं उरलं होतं, जे साहेब गेले आठ दिवस तोंडात घेऊन बाजूला टाकत होते.

बरोबर चारला घंटी वाजली. वजनवाल्या बाई एकट्याच होत्या. अंगानं बारीक, खांद्याला काटा अडकवलेला, हातात ती पानं. मुंगीनं दार उघडलं. बाईंनी आधी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग खोलीभर नजर फिरवली. त्या बरणी शोधत होत्या, हे मला दिसत होतं.

"बाई, हे माशाचं आहे," मी म्हणाले. "ही वहीची मागची बाजू. हे बघा, पुढच्या बाजूनं..."

"पुढच्या बाजूनंही बऱ्याच ठिकाणी 'काही नाही'च लिहिलंय," बाई वहीचं पान उलटत म्हणाल्या. "आणि कारण, 'साहेब जेवले नाहीत.' हे साहेब कोण? भामट्याचे?"

"तोच मासा!"

"म्हणजे मासा खाईल तेव्हाच तुमची मुलगी खाते?"

हे असं कुणी मोठ्यानं म्हटलं की किती वेडगळ वाटतं, ते मला तेव्हा कळलं. मी मान हलवली. नवऱ्यानं मान हलवली. काका भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी साक्षीदार म्हणून मान हलवली.

बाईंनी काटा खाली ठेवला. "दाखवा."

पंप बंद केला. पंखा बंद केला. भामट्याला डब्यात घातलं ("हे भामटा," मुंगीनं ओळख करून दिली, आणि बाईंनी पानावर टिक केली). बरणीत गोठवलेल्या खाण्याची चिमूट सोडली. मुंगी ताटली घेऊन बसली, अंडं, बटाटा, पाव. बाई काहीतरी विचारायला गेल्या तर मुंगीनं ओठांवर बोट ठेवलं, आणि बाई गप्प बसल्या.

एक मिनिट. तीन मिनिटं. साहेब खडकामागून आले, कोट सावरत. एका दगडाची पाहणी केली. दुसऱ्याची केली. बाईंच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. सहा मिनिटं. साहेब बरणीच्या नळीपाशी थांबले. माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं, पुढील कार्यवाही, पुढील कार्यवाही. मुंगीनं चमचा दोन्ही हातांत घट्ट धरला होता, पडू नये म्हणून. बोटं पांढरी पडली होती. मला एकदम वाटलं, मी पाच वर्षांच्या पोरीवर एका माशाच्या जिवाचा भार टाकला. आणि तिनंही तो उचलला, मुकाट्यानं, चौदा दिवस. मला उठून तिला कडेवर घ्यावंसं वाटत होतं, आणि हलायची सोय नव्हती.

साहेब आत शिरले.

कणासमोर उभे राहिले. तो हलत नव्हता, मेलेलाच तो. डावीकडून. उजवीकडून. काकांनी श्वास घेतला तो सोडलाच नाही.

टुक.

आता थुंकतील. आता थुंकतील. नाही थुंकले. टुक. टुक.

"एक, दोन, तीन," कुणीतरी कुजबुजलं. मी वळून पाहिलं. बाई होत्या. गुडघ्यांवर बसून, काचेला नाक लावून. "चार. अहो, हा खातोय!"

मुंगी बोलली नाही, तिचं तोंड भरलेलं होतं.

सतरा झाल्यावर साहेब बाहेर आले आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली. ताटलीत पावाची कड तेवढी उरली होती. काका म्हणाले, "शिकलेला आहे हो," आणि पुन्हा चष्मा पुसला.

मग काटा. मुंगी त्यावर उभी राहिली, हात पाठीमागे. बाईंनी वाकून पाहिलं, लिहिलं, पुन्हा पाहिलं.

"तीनशे ग्रॅम वाढलंय. रेषेच्या अजून खालीच आहे."

"पण रेषेकडे निघालीय ना?" नवऱ्यानं विचारलं.

"निघालीय," बाई म्हणाल्या. "अजून चौदा दिवस नोंद हवी. मुलीची. पुढच्या बाजूनं." काकांकडे बघून त्यांनी हे पुन्हा एकदा म्हटलं. दारापर्यंत गेल्या, थांबल्या. "गिरकी नेहमी घेतो?"

"पोट भरलं की," मुंगी म्हणाली.

सगळे गेले. काका जिना उतरताना वही पुढून कशी उघडतात ते स्वतःशी घोकत होते. नवरा बाजारातून नव्या अंड्यांचा डबा आणायला गेला, प्रायश्चित्त म्हणून. मी पंप सुरू केला, भामट्याला सोडलं, पावाची कड तोंडात टाकली आणि वही मुंगीकडे दिली. आजचं तिनं स्वतः लिहायचं, असं ठरलं होतं. ती नुकतीच अक्षरं काढायला लागली आहे, एका अक्षराला जीभ बाहेर काढून एक मिनिट लागतं.

तिनं पुढून लिहिलं. मग वही उलटी करून मागून लिहिलं. मग पानं मोजत मोजत मध्यापर्यंत आली. चाळीस पानी वही, दोन्ही बाजूंनी भरत भरत आत आलेली. मधे एकच पान कोरं राहिलं होतं.

"हे कुणाचं?"

"कुणाचंच नाही. उरलंय."

मुंगीनं थोडा विचार केला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग पान हातानं सपाट केलं, वर मोठ्या अक्षरांत 'आई' लिहिलं, आणि पेन्सिल टेकवून, मान वर करून, वजनवाल्या बाईंच्या आवाजात विचारलं, "हं, सांगा. आज सकाळी काय खाल्लं?"

मी तोंड उघडलं. कड चावून झाली होती. सकाळ आठवायला लागले. मग काल. मग परवा.

"आई, सांग ना. तू काय खाल्लंस?"